दगडफूल

डॉक्टर गेडिस बाईंनी गालाच्या आत आरसा धरला
आणि विचारलं, बघायचंय?
पांढरी जाळी. बारीक, नेटकी.
माझ्या नकळत कुणीतरी आत बसलं होतं
क्रोशाची सुई घेऊन, रात्रपाळीला.

लायकेन प्लॅनस.
त्यांनी कागदावर स्पेलिंग लिहून दिलं,
मग खिडकीबाहेर बोट दाखवलं.
डंडीतल्या त्या ओल्या, काळपट भिंतीवर
राखी-हिरवट पापुद्रे.
ते नव्हे, म्हणाल्या, त्याच्यासारखं दिसतं म्हणून हे नाव.
मी म्हटलं, ओळखते मी याला.
आमच्याकडे हे मसाल्यात घालतात.

दगडफूल.
हलक्या हातानं परतायचं, सगळ्यात शेवटी,
नाहीतर करपतं.
कुमुद दर मार्चात अकोल्याहून काळा मसाला पाठवते,
दोन पिशव्यांत, वर फडकं, वर सुतळी.
यंदाची पुडी सात महिने तशीच आहे.
मसाला डब्यात. दगडफूल माझ्या गालात.

लोक म्हणतात, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात.
माझं तर ताकानंच पोळतं.
टोमॅटोनं. संत्र्यानं. पुदिन्याच्या टूथपेस्टनं.
या गावाला मार्मलेडचा केवढा अभिमान,
आणि सुरीला लागलेलं तेवढं चाटलं तर
डोळ्यांतून पाणी.

फोनवर मी सांगितलं, तोंड आलंय.
कुमुद म्हणाली, पोट साफ नसेल.
जाईचा पाला चाव. टाकणखार लाव मधातून.
इथे कुठली जाई, आणि कुठला पाला.
पण चूक माझीच, शब्द चुकला.
तोंड येतं ते जातं.
हे मुक्कामाला आलंय.

शेजारचा आर्ची आता माझी आमटी चाखतो.
वय एक्क्याऐंशी, आयुष्यभर मिरचीला घाबरलेला.
दारात उभा राहून चमचा तोंडात घालतो,
कान लाल होतात, नाक पुसतो,
फार गंभीरपणे निकाल देतो: मीठ.
कधी म्हणतो, काहीतरी कमी आहे, काय ते मला कसं कळणार?
मला कळतं. पुडी उघडत नाही.

गालाचा एक तुकडा काढून तपासला.
वाईट काही नाही, म्हणाल्या,
पण दर सहा महिन्यांनी दाखवत जा,
आणि लाल चट्टा, जाड गाठ, न भरणारी जखम दिसली
तर सहा महिने थांबू नका.
बरं होईल का, असं मी विचारलं नाही.
त्यांनी आपणहून सांगितलं,
शांत होईल. पुन्हा उठेल. पुन्हा शांत होईल.
पोरांबद्दल बोलावं तसं.

रोज रात्री एक गोळी, दोन चमचे पाण्यात विरघळलेली.
गिळायची नाही.
पाच मिनिटं तोंडात खेळवायची.
ओव्हनचा गजर लावते,
आणि गाल फुगवून, ओठ मिटून
खिडकीतून टे नदीवरच्या पुलाचे दिवे बघते.

मंगळवारी नेमका त्याच वेळी फोन आला.
तिच्याकडे उजाडत होतं.
मी म्हटलं, हं.
ती म्हणाली, झोपली होतीस?
हंहं.
बरी आहेस ना?
हं.
एरवी मी तिला वाक्य पुरं करू देत नाही,
आमच्या घरात सगळ्यांच्याच जिभेला धार.
तिनं थोडं थांबून पाहिलं,
मी मध्ये पडत नाही हे तिच्या ध्यानात आलं
आणि ती बोलायला लागली:
दिगंबर दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही गं.
एकाच घरात. ताट वाढते, जेवतो, उठतो.
मीठ हवं असलं तर हात पुढे करतो.

तोंडात कडू पाणी.
गजराला अजून दीड मिनिट.
मी मोरीकडे गेले नाही,
हं म्हटलं नाही,
हे तरी नीट करायचं होतं.

गजर वाजला. थुंकले.
त्यानंतर अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही.
बोलायला मनाई नाही, कागदावर तसं काही नाही.

कुमुद, म्हटलं, आहेस ना?
आहे, म्हणाली. तुझ्या तोंडाचं काय?
ते राहू दे.
पहिल्यापासून सांग.